वाचण्याची दहा मिनिटं

कागदाच्या कोपऱ्यातली पिन नीट बसली नव्हती. तिचं टोक भार्गवीच्या बोटाला टोचत होतं, तरी ती बोट काढत नव्हती. कृष्णेची पाणीपातळी पाहणाऱ्या तांत्रिक गटाची सांगलीतली बैठक सुरू झाली होती, पण कुणी बोलत नव्हतं. पहिली दहा मिनिटं सगळ्यांनी इथंच बसून टिपण वाचायचं, हा तिचा नवा नियम. चौदा इंग्रजी पानांऐवजी आता दोनच पानं, मराठीत.

"शाळेत बसल्यासारखं वाटतंय," गटाचे प्रमुख गंगाधर साहेब हसले आणि वाचू लागले.

जूनमध्येही असंच सगळे बसले होते... ती पूर्ण तयारीने आलेली, आणि घाटावरची मोजपट्टी वाचणारा बिरदेव, म्हसवडकडचा, टोपी हातात घेऊन उभा राहिलेला – "म्याडम, म्या कागूद वाचला न्हाई, विंग्रजीत हाय. पर खालच्या पायऱ्यांचं जरा..."

"वाचून आला असतात तर सगळ्यांचा वेळ वाचला असता, बिरदेव," तिने त्याला मध्येच तोडलं होतं.

कुणीतरी हसलं होतं. तो खाली बसला. मीही हसले होते का? – आठवत नाही. आठवत नाही असं मी स्वतःला सांगते. ऑगस्टमध्ये नदी चढत असताना पातळी बघायला तो त्याच शेवाळलेल्या पायऱ्या उतरला. दोन दिवसांनी सापडला.

दहा मिनिटं संपली. बिरदेवच्या जागी आलेल्या सयाजीने हात वर केला.

"म्याडम, वाचलं समदं. पर ह्यात न्हाई ते बोललं तर चालंल का?"

"बोला."

"पायऱ्यांला कठडा न्हाई. हात धरायला कायच न्हाई बगा."

गंगाधर साहेबांनी दोन प्रश्न विचारले, एकाने मोजमाप सांगितलं, ठराव झाला. भार्गवीने घड्याळ पाहिलं. चार मिनिटं.

"पहिल्यांदाच बैठकीतून काही निघालं," साहेब उठताना म्हणाले. "छान केलंत, भार्गवीताई."

ती हसली, निदान तसं करून पाहिलं. खुर्च्या सरकल्या, खोली रिकामी झाली. इतके महिने ती मनात एकच पाठ म्हणत आली होती – दोष व्यवस्थेचा, वरिष्ठांचा, नदीचा, नशिबाचा... आता त्यातलं काहीच ओठांवर येईना. फक्त चार मिनिटं उरली, जूनमध्ये तिने बिरदेवला न दिलेली. आणि ती दूर ढकलावीत असं, पहिल्यांदाच, तिला वाटलं नाही.