वर्खाचे टेबल

त्वचेचा किंचित तेलकटपणा लागून वर्ख चिकटावा म्हणून तिने चपटा ब्रश गालावरून एकदा फिरवला, सोन्याच्या वर्खाचा पापुद्रा त्याच्या टोकावर अलगद उचलला आणि श्वास धरला. पुस्तकाच्या चामडी पाठीपासून वर्ख बोटभर अंतरावर असताना तिला खोकला आला. वर्ख उडाला, हवेतच चुरगळला आणि टेबलाखाली गेला.

“सकाळपासून तिसरा,” मालक खुर्चीतून म्हणाले. ओठांत सिगारेट होती, म्हणून शब्द अर्धेच बाहेर आले. “कोमट पाणी पी गं.”

पुस्तकबांधणीच्या त्या खोलीचा एक नियम होता. वर्ख बाहेर काढला की पंखा बंद, खिडकी बंद, दार बंद. नुसत्या फुंकरीने उडणारी चीज ती. लावणाऱ्यालाही श्वास रोखूनच लावावी लागते. बावीस वर्षे तिने हा नियम पाळला होता. वाऱ्याला आत यायची बंदी होती, त्यामुळे मालकांच्या धुरालाही बाहेर जायची सोय नव्हती.

मालकांना ती पहिल्या दिवसापासून काका म्हणत असे.

“काका, काल दवाखान्यात गेले होते.”

“मग? काय म्हणाले?”

“नळीत फुंकायला लावलं. तीनदा. मग विचारलं, दिवसाला किती ओढता?”

मालकांना हसू फुटले. “तुला? अगं, तुला काडी तरी धड पेटवता येते का?”

“मी सांगितलं, चौदा.”

“काय?”

“तुम्ही इथे बसून ओढता तेवढ्या. मग म्हटलं, ओढणारे दुसरे आहेत, मी नुसती समोर बसते. तर डॉक्टर म्हणाले, फुप्फुसांना तो फरक कळत नाही.”

“डॉक्टरांचं काय, घाबरवणं हा त्यांचा धंदाच. माझ्याकडे बघ. सत्तरी आली, काय झालंय मला?”

ती उठली. खिडकीची कडी गंजून घट्ट बसली होती. बांधणीचा हातोडा घेऊन तिने दोन घावांत ती मोकळी केली. वारा आत घुसला. वर्खाची उघडी वही फडफडली आणि सोन्याचे पापुद्रे खोलीभर उधळले. एक मालकांच्या भुवईवर जाऊन चिकटला.

“डोकं फिरलंय का तुझं! परवा पुस्तकं द्यायचीत!”

“सिगारेट बाहेर गेली की खिडकी लावीन. तोवर मी वर्खाला हात लावणार नाही.”

“नको लावूस! तुला शिकवलं कुणी? सरक तिथून.”

त्यांनी सिगारेट चिरडली, खिडकी आपटून लावली आणि तिच्या टेबलापाशी बसले. कित्येक वर्षांत ते तिथे बसले नव्हते. पोरीचा हात सोन्यासारखा आहे, असे चारचौघांत सांगून त्यांनी हे टेबल तिच्या हवाली केले होते. त्या कौतुकावर तिने किती तरी वाईट दिवस काढले होते.

त्यांचा स्वतःचा हात अजून सुरेख होता, जराही कापत नव्हता. त्यांनी वर्ख उचलला, श्वास धरला. ती नकळत मनात मोजू लागली. एक, दोन, तीन. चारला त्यांच्या छातीत शिट्टी वाजली आणि वर्ख गेला. दुसराही गेला. तिसऱ्याला ते टेबलाची कड धरून खोकत राहिले. चेहरा लाल झाला, डोळ्यांतून पाणी आले.

ती पाहत राहिली. टेबल देताना ते तिच्या हाताबद्दल बोलले होते. स्वतःच्या श्वासाबद्दल बोलले नव्हते.

तिने पाण्याचा पेला पुढे केला. “कधीपासून?”

“ते सोड.”

“उद्या माझ्याबरोबर चला फुंकायला.”

“मला काय धाड भरलीय!” पेला तसाच ठेवून ते उठले, खिसा चाचपत बाहेर गेले. जिन्यावर लायटरचा खटका वाजला.

तिला त्यांची कीव आली. तरीही तिने दाराला आतून कडी लावली.

थोड्या वेळाने दारावर थाप पडली. “अगं, उघड. दुकान माझं आहे.”

“तुमचंच आहे. विझवून या.”

“विझवली.”

“पाकीट द्या. दाराखालून.”

बाहेर मालकांनी एकदा घसा खाकरला, पुटपुटत काहीतरी म्हटले. मग दाबून चपटे केलेले पाकीट फटीतून आत सरकले.

तिने कडीला हात लावला नाही.

“आता लायटर,” ती म्हणाली.