दोन डिस्कची फारकत

त्या वर्षी कापूस डोक्याच्या वर गेला होता. विषारी औषधाचा फवारा वर धरावा लागे आणि तोच फिरून तोंडावर पडे. झाडावर बोंडअळी आणि आमच्या यवतमाळच्या दवाखान्यात विषबाधा झालेले फवारणारे, अशी स्थिती होती.

मी तिथली कॉम्प्युटरवाली. टायपिंगच्या क्लासात शिकवत होते, तिथली बंद पडलेली मशीनं उघडून उघडून शिकले. सगळं सुरळीत असलं की मला कुणी ओळखत नाही. प्रिंटरात कागद अडकला की मी कुंदाताई.

लॅबमधले रक्ताचे रिपोर्ट वॉर्डातल्या स्क्रीनवर उशिरा उमटत होते. वॉर्डातल्या बायकांनी त्या उशिराचा आपला अर्थ लावून टाकला होता: रिपोर्ट चांगला असला तर लगेच सांगतात, वाईट असला तर दाबून ठेवतात.

बिजलीबाई पांढरकवड्याकडच्या तांड्यावरची. तिचा नवरा रामसिंग दुसऱ्याच्या वावरात रोजानं फवारायला गेला आणि तिथंच धुऱ्यावर, बांधाशी पडला. ती मला रोज दारात गाठायची.

"बाई, याचा रिपोर्ट काहून नाही आला? बेकार आहे काय?"

"बेकार नाही वो. मशीन हळू आहे."

"मशीन बी आमच्याच टायमाले हळू होते."

मी सर्व्हरसमोर खुर्ची टाकून बसले. एक्स-रे काढणाऱ्या सलीलच्या खोलीतून छातीचे एक्स-रे आले की लॅबचा रिपोर्ट अडकायचा. एक्स-रे थांबले की सुटायचा. सर्व्हरात दोन डिस्क होत्या. बसवून देणाऱ्यानं त्या जोडून एक केल्या होत्या. प्रत्येक फाइलचे तुकडे करून एक हिच्यावर, पुढचा तिच्यावर. दोघी मिळून उचलतात म्हणून काम झटपट. एरवी होतही होतं. पण आता एक्स-रे रांगेनं यायला लागले, तशा दोघीही त्यातच गुंतायच्या आणि एवढासा रिपोर्ट दाराबाहेर ताटकळत राहायचा.

"दोन्ही वेगळ्या करते," मी सलीलला म्हटलं. "एक तुझ्या एक्स-रेला, एक लॅबला."

"म्हणजे माझं काम हळू होईल?"

"होईल."

"मी काय घोडं मारलं ताई?"

"काही नाही. तुझ्या फाइली लठ्ठ आहेत, बाकीच्यांना बसायला जागा देत नाहीत."

वॉर्ड डॉक्टर ऋचाकडे होता. ती डोळे चोळत म्हणाली, "दुपारभर सिस्टिम बंद? आत्ता?"

"तोवर रिपोर्ट कागदावर. वॉर्डबॉय मामा पळत आणून देतील."

"आणि काही उडालं तर?"

"जोड तोडला की दोन्ही डिस्क कोऱ्या होतात. म्हणून सगळं आधी तिसऱ्या डिस्कवर घेतलंय. जुने एक्स-रे उघडून पाहिलेत."

"सगळे?"

"सगळे नाही."

तिनं घड्याळ पाहिलं. मग म्हणाली, "करा. संध्याकाळचं रक्त जायच्या आधी मात्र मला चालू पाहिजे."

सगळी माहिती पुसली जाईल, पुढे जायचं का, असं स्क्रीननं विचारलं. देवाचं नाव घेणार होते, पण त्याच्याकडे त्या दिवशी आधीच गर्दी होती. मी 'हो' दाबलं. मग डिस्क वेगळ्या केल्या, एकीवर एक्स-रे परत ठेवले, दुसरीवर लॅब. हात सारखे पदराला पुसत होते.

ऊन उतरायला लागलं तसं सगळं चालू झालं. रामसिंगचं रक्त लॅबमध्ये गेलं होतं. सलील तिकडून एक्स-रेही पाठवत होता आणि मला शिव्याही. तरी लॅबनं आकडा भरला आणि वॉर्डाच्या स्क्रीनवर तो तसाच उमटला. न अडता, न गरगरता. मला क्षणभर नाचावंसं वाटलं.

मग मी तो वाचला. एवढ्या दिवसांत मलाही थोडं कळायला लागलं होतं: विष भिनत गेलं की रक्तातला हा आकडा उतरतो. आकडा सकाळच्यापेक्षा खाली गेला होता.

माझ्या मागे बिजलीबाई उभी होती. अक्षर येत नसलं तरी नवऱ्याचं नाव कुठं उमटतं ते तिनं पाहून ठेवलं होतं.

"आला! इतक्या लवकर आला!" तिनं शेजारच्या खाटेवरच्या बाईला ओरडून सांगितलं. "माह्यावाल्याचा लवकर आला वो!" मग माझा दंड धरला. "चांगला आहे ना मंग?"

तेवढ्यात डॉक्टर ऋचा स्क्रीनसमोर येऊन थांबली, वाचलं, आणि चालतच नर्सला म्हणाली, "रामसिंगला आत आयसीयूत घ्या. व्हेंटिलेटर तयार ठेवा. त्याचा श्वास थकायच्या आधी."

खाटेची चाकं वाजली, मागोमाग डॉक्टरही आत गेली, दार लागलं. बिजलीबाईचा हात माझ्या दंडावर घट्ट झाला.

"तुमीच म्हणत होत्या ना, मशीन हळू आहे. आता तं जोरात झाली."

"मशीन झाली, बिजलीबाई. आकडा लवकर आला म्हणून चांगला होत नाही."

ती आतल्या बंद दाराकडे पाहत होती. मग म्हणाली, "उशिरा आला असता तं?"

"तर डॉक्टर अजून त्याच्यापाशी पोचल्या नसत्या."

तिनं मान हलवली. पटलं की नाही, कळलं नाही. दंड मात्र सोडला नाही, आणि मीही तिथंच उभी राहिले.