वासाचा रकाना

आधी मी शिंकले. सेकंदभराने काका शिंकले.

“जोरदार माल आहे,” ते डोळे पुसत म्हणाले. डोळे कोरडेच होते.

समोरच्या पांढऱ्या ट्रेमध्ये वाळलेली लाल मिरची पसरलेली होती. तिसऱ्या पोत्यातला नमुना. सहा दिवसांतली काकांची ही चौदावी शिंक. चौदाच्या चौदा माझ्यानंतर आलेल्या. रसायनशास्त्र शिकल्याची खोड. संशय आला की मोजल्याशिवाय चैन पडत नाही. काल मी मुद्दाम श्वास रोखून धरला. काका मिरचीवर ओणवे झाले, खोल हुंगून माझ्याकडे बघत थांबले. मग पेन शोधू लागले.

कस्टम्सच्या तपासणी खोलीत सगळे त्यांना ‘नाक’ म्हणत, मी काका. बाहेरून आलेला मसाला अख्खा म्हणायचा की कुटलेला, हे एकतीस वर्षं याच टेबलावर त्यांनी ठरवलं होतं. दोन्हींचं कलम वेगळं, जकात वेगळी. एकदा मिऱ्याच्या पोत्यात हात घालून ते म्हणाले होते, “हे साबणाशेजारी बसून आलंय,” आणि कागदपत्रांत खरोखरच साबण निघाला. ही गोष्ट मला पहिल्याच दिवशी तिघांनी सांगितली. प्रत्येकाच्या साबणाचा रंग निराळा होता.

साहेब दारात येऊन उभे राहिले.

“नाक, अर्धी मिरची मोडलीय की. टाका कुटलेलीत.”

“मोडलीय साहेब, कुटलेली नाही.” काकांनी चिमट्याने एक तुकडा उचलला. “देठ शाबूत. उभी तडकलीय, वजनाखाली. चाळणीखाली बघा, भुकटी चिमूटभरसुद्धा नाही. वाटेत मोडलं त्याला कुटलेलं म्हणायचं नसतं.”

“बरं. वास?”

“स्वाभाविक,” काका म्हणाले. फॉर्मवरच्या वासाच्या रकान्यात तसं आधीच लिहिलेलं होतं.

“मग सही करून पाठवा. सोडून देतो,” म्हणत साहेब गेले.

तिसऱ्या पोत्याला बुरशीचा वास येत होता. अगदी मंद. मिरची वरून लालभडक, चकचकीत. पण ती लोकांच्या स्वयंपाकघरात जाणार होती. मी साहेबांसमोर तोंड उघडलं असतं, तर निवृत्तीला चार महिने उरलेल्या काकांना हे टेबल सोडावं लागलं असतं. म्हणून साहेबांची पावलं लांब जाईपर्यंत मी थांबले.

“काका, तिसऱ्या पोत्याचं मला जरा वेगळं वाटतंय.”

“वाटतंय? शास्त्र शिकलीस ना पोरी? वाटणं घरी ठेवून यायचं.”

“तुम्ही माझ्यानंतर शिंकता, काका.”

ते ब्रशने चाळणी साफ करत राहिले. चाळणी स्वच्छच होती.

“कधीपासून मोजतेयस?”

“सहा दिवस.”

“म्हणजे अडीच महिने कुणाच्या लक्षात आलं नाही.” त्यांच्या आवाजात जरासा अभिमान होता. “ताप आला होता. वाटलं, चोंदलंय, उघडेल. तुझ्या काकूलाही सांगितलं नाही. परवा दूध करपलं आणि मी शेजारीच पेपर वाचत बसलोय. ती म्हणाली, एवढ्या हाका मारल्या, बहिरे झालात की काय? मी हो म्हटलं. तेव्हापासून ओरडून बोलते बिचारी.”

मला हसू आवरेना. मग तेही हसले, आणि हसता हसता खुर्चीत बसले.

“बोल. कसला वास?”

“बुरशीचा.”

“नीट सांग. बुरशा शंभर असतात.”

मी पुन्हा हुंगलं. “बंद कपाटाचा. ओले कपडे ठेवलेल्या.”

“मग आत असणार, बियांपाशी. चीर.”

मी पाच मिरच्या उभ्या चिरल्या. तिघींच्या पोटात करडा कापूस होता. काकांनी त्या नाकाशी नेल्या, सवयीने, आणि खाली ठेवल्या.

“दुसरा फॉर्म आणते,” मी म्हणाले. “मी लिहिते, तुम्ही सही करा. कुणाला कळणार नाही.”

“कळणार नाही, हे खरं आहे,” म्हणत त्यांनी जुनाच फॉर्म पुढे ओढला. वर्गवारी : अख्खी, वाळलेली. भुकटी : नगण्य. हे त्यांनी तसंच ठेवलं. ‘स्वाभाविक’वर मात्र एकच रेघ मारली, खालचं अक्षर वाचता येईल अशी, खाडाखोड लपवायची नाही हा ऑफिसचा नियम. त्याखाली त्यांच्या तिरक्या, सुबक अक्षरात लिहिलं : ‘तिसरे पोते, बुरशी. वास सहकारी मॅडमनी ओळखला. मला वास येत नाही.’ मग पूर्ण सही केली आणि फॉर्म स्वतः साहेबांकडे घेऊन गेले.

दहा मिनिटांनी परत आले.

“काय म्हणाले?”

“माल अडवलाय. अख्खी म्हणूनच, पण अडवलाय.” त्यांनी चाळण्या मोठीपासून बारीकपर्यंत एकात एक रचल्या आणि माझ्या बाजूला सरकवल्या. “मी सोमवारपासून रेकॉर्ड रूम. तिथे म्हणे धुळीचा फार वास येतो. मला काय त्रास होणार?”

मी काहीतरी म्हणणार होते, पण ट्रेमधली मिरची पोत्यात ओतताना पुन्हा शिंकले.

काका शिंकले नाहीत. खिशातून घडी न मोडलेला रुमाल काढून त्यांनी माझ्यापुढे धरला.