चौथीचा गृहपाठ

"'थंड'च्या उलट काय?" मुलाने तिसऱ्यांदा विचारलं आणि पुस्तकातल्या ओळीवर बोट दाबून धरलं.

वडिलांचे ओठ हलले. समोर चहाचा कप वाफाळत होता. डाव्या हाताने त्यांनी त्याच्याकडे बोट दाखवलं.

"ते."

"ते म्हणजे काय, अण्णा? शब्द सांगा."

"ते!"

मुलाने वहीत फुली मारली. घड्याळाकडे पाहिलं. एका नव्या इमारतीत वायरिंगचं काम अर्धवट पडलं होतं आणि मुकादमाचे दोन फोन येऊन गेले होते.

सदतीस वर्षं अण्णांनी शाळेत शिकवलं होतं. दोन महिन्यांपूर्वी झटका आला, उजवा हात लुळा पडला आणि शब्द कुठेतरी हरवले. बोलण्याचे उपचार करणाऱ्या बाईंनी सांगितलं होतं, चौथीचे प्रश्न विचारा, रोज अर्धा तास, सगळे विषय. बरोबर-चूक वहीत मांडा, मी सोमवारी बघेन. अण्णांनी सातवीला स्वतःच्याच वर्गात नापास केलेला मुलगा आता रोज सकाळी त्यांच्यासमोर पेन्सिल घेऊन बसत होता.

"भूगोल. सूर्य कोणत्या दिशेला उगवतो?"

अण्णांचा हात बरोबर पूर्वेच्या खिडकीकडे गेला. तोंडातून आलं, "पश्चिम." लगेच त्यांनी कपाळाला हात लावला.

"विज्ञान. पाण्याचा बर्फ होतो, त्याला काय म्हणतात?"

"गो... गोष्ट."

"गोठणं! आत्ता कालच सांगितलं ना!"

"हळू बोल रे," आई स्वयंपाकघरातून म्हणाली. "कानांना काही झालेलं नाही त्यांच्या."

मुलाने पुस्तक टेबलावर आपटलं. "एवढं साधं येत नाही?"

बोलून झाल्यावर तो थबकला. हे शब्द त्याचे नव्हते. फळ्यापाशी, चाळीस पोरांसमोर, हातात खडू घेऊन उभं असताना त्याने ते ऐकले होते. अण्णांनाही ते आठवले असावेत. ते टेबलावरच्या आपल्या निर्जीव हाताकडे बघत राहिले.

फोन पुन्हा वाजला. मुलाने तो बंद केला.

"शेवटचं, अण्णा. गणित. सात आठे?"

अण्णांनी डोळे मिटले. ओठांवर पाढा चालत गेला, अडला, पुन्हा मागे आला.

"चोपन्न."

मुलाने खाली मान घालून वहीत लिहिलं, चोपन्न. शेजारी बरोबरची खूण केली. "शाब्बास. झालं आजचं."

तो उठणार तोच अण्णांच्या डाव्या हाताने वही ओढली. त्यांनी ती डोळ्यांपाशी नेली. कपाळावर आठ्या चढल्या. पेन्सिल मुठीत धरून त्यांनी ती खूण अशी खोडली की कागद फाटला.

"खोटं," ते म्हणाले. स्पष्ट.

आई हात पुसत दारात येऊन उभी राहिली.

"मग खरं किती, अण्णा?" मुलाने हळूच विचारलं.

अण्णांनी बराच वेळ छताकडे पाहिलं. मग मान हलवली. माहीत नव्हतं. पण फाटक्या कागदावर त्यांनी पेन्सिलीचं टोक टेकवलं आणि करड्या आवाजात म्हणाले, "परत."

मुलाने खुर्ची जवळ ओढली.

"सात एके?"