लखलखीत पिंजरा

धुळ्याहून एसटीनं सोनगीरला उतरले आणि दारातच कळलं, आमच्या ह्यांनी काहीतरी घोळ घातलाय. एरवी मी आले तरी मान वर न करणारा माणूस उंबऱ्यात उभा. हातात हिरवी मिरची आणि तोंड पडलेलं.

आम्ही तांब्यापितळेची भांडी घडवणारे. स्टीलनं गिऱ्हाईक पळवल्यापासून काम कमी, आणि रिकामे हात ह्यांना चैन पडू देत नाहीत. मी माहेरी गेलेली बघून ह्यांनी आमच्या राघूचा पितळी पिंजरा काढला आणि चिंच-राखेनं घासघास घासला. वर्षानुवर्षांचा काळपटपणा गेला. तोवर राघू घरात मोकळा. मग बोलावलं, तर तो जो आढ्यावर जाऊन बसला, तो बसलाच!

"डाळ, पेरू, मिरची, बठ्ठं दखाडं. येतच नही वं," हे म्हणाले.

मला आधी हसू आलं. मग कौलांतली फट दिसली. दिवस कलला होता. रोज ह्याच वेळेला पोपटांचे थवे आमच्या घरावरून किल्ल्याकडे मुक्कामाला जातात. त्यांच्या मागे हाही गेला तर? पोरं आपापल्या संसाराला लागलेली. घरातल्याच दुकानात दिवसभर ह्यांच्याशी बोलतो तो एवढा राघूच. तो गेला तर ह्यांचं काय होईल?

मी पिंजरा उचलून आढ्याखाली धरला. दारातलं ऊन त्यावर पडून लखलखलं. राघूनं पिसं फुलवली, कर्कश ओरडला आणि थेट फटीकडे सरकला.

"अहो, घाबरस तो! हाऊ आपला पिंजराच नही, असं वाटस त्याले."

"असा पिंजरा बठ्ठा सोनगीरमा नही!" हे उखडले.

"तुमनी चकाकी तुमनापाशी ऱ्हाऊ द्या!"

एवढ्यात पहिला थवा कलकलत आला. राघूनं मान वर केली. मग मात्र हे धावले. भट्टीतली मूठभर काजळी तेलात कालवली आणि पिंजऱ्याला फासायला लागले. हंड्यावर माझं बोट उमटलं तर माझ्यावर खेकसणारा हा माणूस! एक तार सोडली नाही.

पिंजरा जमिनीवर ठेवून आम्ही दोघं कोपऱ्यात दबून बसलो. थवे जात राहिले. राघू आधी खुंटीवर उतरला, मग पिंजऱ्यावर. चोचीनं एक तार चाचपली, दुसरी चाचपली, आणि निवांत आत शिरला. ह्यांनी कडी लावली.

मला वाटलं, आता हे मलाच बोल लावणार. तर पिंजरा मांडीवर घेऊन रडायला लागले. "मना राजा, मना राजा." सगळा सदरा काळा. मला उभ्या जन्मात कधी राजा-राणी म्हटलं नाही ह्या बाबानं! तरी मी पदरानं त्यांचं तोंड पुसलं.

"हाऊ गया असता तं मी एकला पडी जातू."

"आनी मी कोन शे?"

"तू धुळे जास ना," खाली बघतच ते म्हणाले, "तवय घर खायाले उठस."

एवढं आजवर कधी बोलला नव्हता हा माणूस. प्रवासानं अंग आंबलं होतं, चूल पेटवायची होती. मी उठलेच नाही. त्यांच्याजवळ बसून राहिले.