बाईंच्या रानात नांगर

ओळंब्याचं खरं नाव सांगायला त्याच्या बायकोलाही क्षणभर आठवावं लागे. त्याचा ट्रॅक्टर शेताच्या या टोकाहून त्या टोकाला दोरी लावल्यासारखा जायचा, म्हणून गवंड्याच्या ओळंब्याचं हे नाव पडलं आणि ते त्याने पदवीसारखं मिरवलं. भूमिती शिकवणाऱ्या बाईंनी मात्र त्याच्या रेघेला कधी चांगलं म्हटलं नव्हतं. शाळेतही नाही आणि पुढे चाळीस वर्षांतही नाही.

निवृत्त झाल्यावर काही वर्षांनी बाईंनी आपली पाच एकर जमीन तिच्यावरच सोडून दिली. ना नांगर, ना फवारणी. हिवाळ्यात महिनाभर दूधवालीच्या गाई आत चरायच्या, बाकी वर्षभर बाई बांधावर खुर्ची टाकून बघत बसायच्या. सहा वर्षांत तिथे कमरेएवढं गवत माजलं, काटेरी झुडपं आली, ससे आले, लावे आले.

"मी मुद्दामच काही करत नाही," बाई सगळ्यांना सांगायच्या. मुद्दाम काही न करणारा माणूस गावाने कधी पाहिला नव्हता. झेपत नसलेले मात्र पुष्कळ पाहिले होते. तेव्हा बाईंना झेपत नाही आणि सांगायची लाज वाटते, असा निकाल पिठाच्या गिरणीतल्या गप्पांत लागला.

बाई लेकीच्या बाळंतपणाला गेल्या, तेव्हा गिरणीवाला म्हणाला, "त्या तोंडाने मागायच्या नाहीत. येईपर्यंत उरकून टाकू. ओळंब्या, नांगर तुझा."

कुणी कुणासाठी काय केलं हे गावात लिहून ठेवायची पद्धत नव्हती, कारण कुणी विसरतच नसे. आणि बाईंनी निम्म्या गावाला शिकवलेलं होतं. दोन दिवसांत झुडपं उपटून झाली, चार एकर नांगरून झाले. तिसऱ्या दिवशी सकाळी ठरल्याआधीच परतलेल्या बाई पिशवी घेऊन बांधावर उभ्या दिसल्या.

ओळंब्याने इंजिन बंद केलं आणि चेहऱ्यावर आगाऊ विनय आणला.

"सरळ आहे," बाई म्हणाल्या.

"त्यात काय, बाई! सगळ्यांनी मिळूनच..."

"लाव्यांची घरटी कुठे होती, माहीत होतं तुला?"

"नाही."

"मला होतं."

बाई रागावल्या नाहीत. वर्गातही त्या रागावत नसत. रागावल्या असत्या तर बरं, असं वर्गाला वाटायचं.

"उताराला खाली तुझी विहीर आहे. आता तिचं पाणी किती पुरतं?"

"तीन वर्षं झाली, महिनाभर जास्त पुरतं."

"कशामुळे?"

"मला वाटलं, विहीर सुधारली."

बाईंनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. मग नांगरटीकडे पाहिलं. मातीची ओली, मोठी ढेकळं उन्हात पांढरी पडत चालली होती. गवताखाली इतकी ओल असेल हे ओळंब्यालाही नांगर लावल्यावरच कळलं होतं. त्याला ते तेव्हा विचित्र वाटलं होतं, पण रेघ बिघडू नये म्हणून तो थांबला नव्हता.

"उरलेल्या एकराला हात लावू नकोस," बाई म्हणाल्या. "त्यातून बाकीच्या रानात गवत पसरेल परत. मी थांबते. अडुसष्टच तर झालीत."

ओळंब्या ट्रॅक्टरवरून खाली उतरला. "बाई, मी काय करू?"

"चूक झाली की मी काय करायला लावायचे?"

"पुन्हा लिहून काढायला."

"खोडलीस ती माझी सहा वर्षं होती."

ओळंब्याला उशिरा कळायचं, पण पक्कं कळायचं. "माझ्या शेतातला नाल्याकडचा अर्धा एकर पडीक सोडतो."

"रस्त्याकडचा."

"बाई, रस्त्याने सगळं गाव जातं."

"हो."

"लोक म्हणतील, ओळंबा आळसावला."

"मला सहा वर्षं म्हणत होते. माणूस मरत नाही त्याने."

घरी बायकोने कपाळाला हात लावला. "त्यांचे चार एकर फुकट नांगरलेत, वर आपला अर्धा एकर पडीक पाडून आलात? धन्य आहे! नाही म्हणता येत नव्हतं?"

"बाईंना?"

बायको ताट वाढायला वळली. तीही त्याच शाळेतली होती. विषय पुन्हा निघाला नाही.

त्याच्या स्वतःच्या नांगरटीचा दिवस आला. रस्ता वीस पावलांवर राहिला तेव्हा त्याने ट्रॅक्टर वळवला. पहिल्या फेरीला हात ऐकेनात. पुढे जाऊन मागे यावं लागलं. सातव्या फेरीला गिरणीवाला सायकलवरून उतरला.

"ओळंब्या, एवढं राहिलं की रे!"

"राहू दे."

"डिझेल संपलं का? अरे, लाजतोस काय? दुपारी चौघांना घेऊन येतो, उरकून टाकू."

ओळंब्याने इंजिन बंद केलं, खाली उतरला आणि त्या पट्ट्यात जाऊन उभा राहिला.

"इथे पाय तर ठेवून बघ."

गिरणीवाल्याने सायकलचं हँडल घट्ट धरलं. "अरे, पण इथे येणार तरी काय?"

ओळंब्याने पायाखाली पाहिलं. गेल्या पिकाचे खुंट होते, एक फाटकी चप्पल होती. काय येणार याची त्याला काडीची कल्पना नव्हती.

"सहा वर्षांनी ये," तो म्हणाला, "सांगतो."