काचा सगळ्या शाबूत होत्या

मित्रांनो, मी एक जुनी पिकअप गाडी आहे आणि मी एक गोष्ट लपवली होती. मला तोंड नाही, त्यामुळे सांगता येत नव्हते हे खरे. पण सांगावेसे वाटतही नव्हते, हेही तितकेच खरे. देवाने लोखंडाला जीव दिला नाही असे लोक म्हणतात. मोह मात्र हात राखून दिला नाही, हे माझ्यावरून ओळखा.

कारखान्यातून बाहेर पडले तेव्हा मी निळीशार होते. पुढे तिघे बसतील एवढी केबिन, मागे उघडा हौदा. मला एका काचवाल्यांनी घेतले. खिडक्यांना काचा बसवायच्या, आरसे कापायचे, दुकानांची तावदाने लावायची, हा त्यांचा धंदा. घरात सगळे त्यांना बाबा म्हणत. मीही मनातल्या मनात बाबाच म्हणू लागले.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी माझ्या हौद्यात डाव्या अंगाला एक तिरकी लाकडी घोडी ठोकली आणि तिच्यावर जुन्या ब्लँकेटचे अस्तर चढवले. काच कधी आडवी नेत नाहीत. घोडीला टेकवून उभी न्यायची, म्हणजे हादरा सोसते. आणि घोडी डावीकडेच का? तर फुटपाथ डावीकडे. काच उतरवणाऱ्या माणसाच्या पाठीशी रहदारी असता कामा नये, हा बाबांचा नियम. नियम चांगलाच होता. पण वर्षानुवर्षे सगळे ओझे माझ्या एकाच कुशीवर पडत गेले आणि मी हळूहळू डावीकडे कलले. शेजारचा न्हावी दाराशी उभा राहून म्हणायचा, बाबा, तुमची गाडी कान देऊन कुणाच्या तरी घरातलं ऐकतेय बघा.

शाळांच्या खिडक्या मी वाहिल्या, दवाखान्यांची दारे वाहिली. या गाडीतून काच तडकून आली असे एकदाही झाले नाही, असे बाबा गिऱ्हाइकांना छाती काढून सांगत. त्यांचा मुलगा लहानपणी माझ्या मधल्या सीटवर बसायचा, तेव्हा त्याचे पाय खाली टेकत नसत. पुढे तो माझ्यावरच गाडी शिकला आणि माझा डावा दरवाजा विजेच्या खांबाला घासून आणला. त्या दिवसापासून तो दरवाजा दोरीने बांधलेला. मुलाची आई शेवटची दवाखान्यात गेली तीही माझ्याच केबिनमधून, बाबांच्या खांद्यावर डोके टेकून. परत येताना ती जागा रिकामी होती. त्यानंतर दुपारचा चहा बाबा माझ्यात बसून घेऊ लागले. इंजिन बंद, दार लावलेले. कोणी काही विचारत नसे.

आता ती गोष्ट सांगते.

एका मोठ्या दवाखान्याची चौदा तावदाने नेत होतो. मुलगा चालवत होता, बाबा शेजारी. रस्ता खणून ठेवलेला. डावे चाक खड्ड्यात गेले आणि मागून आवाज आला, कट्.

काचवाल्याच्या घरात या आवाजाचा अर्थ एकच. दोघांचे चेहरे पांढरे पडले. गाडी थांबवली, ब्लँकेटे काढली. बाबांनी बोटाच्या पेराने एकेका तावदानावर टकटक केले. चांगली काच खणखणते, तडकलेली बद्द वाजते. चौदाच्या चौदा खणखणल्या. बाबांनी कपाळाचा घाम पुसला, वर बघून देवाचे आभार मानले आणि बापलेक मोठ्याने हसले.

काचा सगळ्या शाबूत होत्या. मोडले होते ते मी. केबिन आणि हौदा ज्या लांब लोखंडी चौकटीवर उभे असतात तिला चासी म्हणतात. तो गाडीचा कणा. केबिनच्या मागे, डाव्या बाजूला, माझा कणा तडकला होता. दोन शहाणी माणसे तिथे होती, पण खाली कोणी वाकले नाही.

पुढे माझे दिवस फिरले. दुकानाला नवी बंद गाडी आली. मी मागच्या भिंतीशी उभी राहिले. टपावर मांजर झोपू लागले, हौद्यात फुटक्या बरण्या साठल्या. मग एक दिवस मुलगा म्हणाला की भंगारवाल्याला सांगून ठेवलंय, परवा येऊन ओढून नेईल. बाबांनी मान हलवली. पण त्या दिवशी ते ताटावर बसले आणि तसेच उठले, दुसऱ्या दिवशीही तसेच. मुलाला बापाचे मन कळत होते. त्याने बेत बदलला. भंगारात नको, चालवणाऱ्यालाच विकू. बाबा, ती चालत राहील, कधीतरी रस्त्यात दिसेल तुम्हाला, असे तो म्हणाला आणि बाबांचा चेहरा उजळला.

आणि माझा? खोटे कशाला बोलू? मीही हरखले.

विकायची म्हणून मुलगा तारेचा ब्रश घेऊन माझ्या खाली शिरला. गंज खरवडता खरवडता त्याला ती फट दिसली, नखभर रुंद. जोड उघडला असेल, असे त्याला वाटले. आणि फट दिसली की पुट्टी भरायची, ही त्या घरातल्या हातांची सवय. खिडकीची पुट्टी त्याने अंगठ्याने दाबून भरली, पातळ सुरीने सारखी केली, वरून काळा रंग मारला. मग सुरी हातात धरून तो मिनिटभर तसाच पडून राहिला. त्या मिनिटात त्याच्या मनात काय आले ते मला ठाऊक आहे, कारण माझ्याही मनात तेच आले होते. पण तो बाहेर आला आणि हात धुवायला गेला.

दोन दिवसांनी गिऱ्हाईक आले. टेकडीपलीकडे रोपवाटिका चालवणाऱ्या बाई होत्या. बरोबर दोन मुली. मोठी आठ-नऊ वर्षांची, धाकटी तिच्या खांद्याला लागणारी. बाईंनी चाके लाथाडून पाहिली, तेलाची पट्टी पुसून पाहिली. रोपे बाजारात न्यायची आहेत, म्हणाल्या, आणि जाता-येता पोरींना शाळेत सोडायचं, मागे बसतील रोपांबरोबर. त्यांनी माझ्या कलण्याबद्दल विचारले. आयुष्यभर डावीकडे ओझं वाहिलंय, स्प्रिंग बसलीय, बाकी काही नाही, असे मुलाने सांगितले. सांगताना तो माझ्याकडे बघत नव्हता.

टेकडीवर एक चक्कर मारू, असे ठरले. बाई चालवणार, बाबा शेजारी, मुली हौद्यात घोडीला धरून. एरवी मी तीनदा खोकल्याशिवाय सुरू होत नसे. त्या दिवशी पहिल्या किल्लीला उठले. नवऱ्या मुलीसारखी नटून बसले होते मी, मित्रांनो. वर चढेपर्यंत दात-ओठ खाऊन ती फट मिटून धरली. बाई खूश दिसल्या. मागे मुलींचे गाणे चालले होते.

उतार लागला. एका बाजूला खडक, दुसऱ्या बाजूला गुडघाभर कठडा आणि खाली दरी. वळणावर एक दगड चाकाखाली आला.

कट्.

बाबांनी सवयीने झटकन मागे वळून काचांकडे पाहिले. मागच्या खिडकीतून त्यांना काचा दिसल्या नाहीत. दोन मुली दिसल्या. धाकटी त्यांच्याकडे बघून हसत होती.

हौद्यात आज काच नाही. मग वाजले काय? बाबांच्या मनात तो खड्डा, ती चौदा तावदाने, तो आवाज, सगळे एकदम उभे राहिले असणार. त्यांचा आवाज मात्र शांत होता.

"ताई, ब्रेक जोरात मारू नका. दुसऱ्या गिअरवर घ्या. स्टिअरिंगला झटका देऊ नका."

"काय झालं?"

"खाली पोचल्यावर सांगतो. पोरींना कळू देऊ नका."

माझी केबिन पुढे ओढत होती, हौदा मागे लोंबत होता. नखभर फट बोटभर झाली. पुट्टीचा तुकडा गळून रस्त्यावर पडला, मला तो पडलेला कळला. समोर अजून एक वळण होते. तेव्हा कुठे माझे डोळे उघडले. मी म्हणाले, देवा, मला आयुष्य नको, एवढा उतार पार कर. मुली गातच होत्या. एकदा हौदा डावीकडे झुकला तेव्हा मोठी गप्प झाली आणि तिने धाकटीचा दंड धरला. बाईंच्या हातांच्या शिरा वर आल्या होत्या, पण स्टिअरिंगला त्यांनी झटका बसू दिला नाही. वळण गेले. पाण्याच्या टाकीसमोर सपाट जागा आली. बाईंनी मला इतके अलगद थांबवले की रोपटेही हलले नसते.

मुली खाली उतरल्या. मग बाबा, या वयात, रस्त्यावर उताणे पडून माझ्या खाली शिरले. फटीला चिकटून राहिलेला एक गोळा त्यांनी नखाने काढला, बोटात दाबला, नाकाशी नेला. खिडकीच्या पुट्टीत असतो तो जवसाच्या तेलाचा वास. तो वास त्यांनी जन्मभर हाताला वागवला होता.

बाहेर आले तेव्हा पाठ धुळीने भरली होती. गाडी जुनी, काहीतरी निखळले असेल, एवढे म्हणून त्यांना सुटता आले असते.

"ताई, ही गाडी तुम्हाला द्यायची नाही."

"का? दुसरं गिऱ्हाईक लागलं का?"

"हिचा कणा तुटलाय. आणि ती फट बुजवलीय आमच्याच दुकानातल्या पुट्टीनं."

बाईंनी आधी मुलींकडे पाहिले, मग बाबांकडे. त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरे झाले असते. "माझ्या पोरी मागे होत्या, बाबा," एवढेच म्हणाल्या. बाबांनी फोन करून मुलाला बोलावून घेतले.

मुलगा नवी गाडी घेऊन आला. त्याने आधी बाईंना आणि मुलींना घरी पोचवले, मग परत आला. बापलेक माझ्या दोन बाजूंना उभे राहिले.

"मला वाटलं, जोड उघडलाय," मुलगा म्हणाला. मग थांबून म्हणाला, "नाही, शंका आली होती. पण तुम्ही जेवत नव्हता."

"माझ्या दोन घासांपायी त्या पोरी गेल्या असत्या रे."

मुलाच्या डोळ्यांतून पाणी आले. बाबा वळसा घालून त्याच्याजवळ गेले. "तुझ्या एकट्याचं नाही हे. त्या दिवशी आवाज आला तेव्हा काचा मीच वाजवून बघितल्या. खाली वाकलो असतो तर आज ही वेळ आली नसती."

क्रेनने मला उचलून भंगाराच्या आवारात नेले, बापलेक मागोमाग आले. वाटले, संपले सगळे. पण नाही. भंगारवाल्याने माझ्याभोवती फेरी मारली, इंजिन सुरू करून पाहिले आणि खुशीत म्हणाला की हिला कापायची कशाला, वेल्डिंगचा टाका मारतो, रंग देतो, एक जण आहे, उद्याच नेईल.

खरे सांगते, माझ्या मेल्या मनात पुन्हा एकदा पालवी फुटली. मोह एवढ्याने मरत नाही.

"नको. कापा," बाबा म्हणाले.

भंगारवाला म्हणाला, कापू की सवडीने, तुम्ही घरी जा, काका.

"आत्ता. माझ्यासमोर. आणि आधी चासी."

असे कोणी बघत बसत नाही हो, असे भंगारवाल्याने समजावून पाहिले. बाबांनी एक रिकामा डबा उपडा घातला आणि त्याच्यावर बसले. मुलगा मागे उभा राहिला. निळी ज्योत पेटली, ठिणग्या उडाल्या. ज्याचा जीव जडलेला असतो तो अशा वेळी तोंड फिरवतो, असे मला वाटत होते. बाबांनी फिरवले नाही. चासीचे चार तुकडे झाले, आता ही कोणाच्याच कामाची नाही, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्यावरच ते उठले. उठताना गुडघा धरला, तेव्हा मुलाने हात दिला.

मी आता ढिगात पडून आहे. भट्टीत जाईन आणि काहीतरी होईन, कोणाच्या घराची सळई, कोणाच्या शेताचे फावडे. तो ज्याचा खेळ त्याला ठाऊक. माझी तक्रार नाही.

तुमच्याकडे मात्र एक मागणे आहे, मित्रांनो. तुमच्या घरीही एखादी जुनी गाडी असेल, सायकल असेल, झोपाळा असेल. ती कुरकुरली, कलली, वाजली, तर महागाची वस्तू शाबूत आहे ना एवढेच पाहून पुढे जाऊ नका. जरा वाका, खाली बघा. आणि तिचे दिवस खरेच भरले असतील तर तिची फट रंगाखाली झाकून दुसऱ्याच्या दारी पाठवू नका. तुमचे प्रेम असले तरी पाठवू नका. मागच्या हौद्यात कोणाची तरी लेकरे गात बसलेली असतात.